उशाजवळचा स्पीकर

निळी बत्ती लुकलुकत राहिली. ठरायला तयार नव्हती.

शेषेरावांनी रेकॉर्ड प्लेअर बंद केला, पुन्हा चालू केला आणि मागचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं. लेक वर्षाराणीनं ही मशीन नांदेडहून मुखेडला एसटीनं पाठवली होती. तिला तार लागत नव्हती. स्पीकर लांब असला तरी ब्लूटूथवर वाजायचा; तो जोडला गेला की बत्ती ठरायची.

स्पीकर पलीकडच्या खोलीत होता, आईच्या उशाशी. आईनं अन्न सोडलं होतं. माणसं ओळखू येत नव्हती. बोलवायचं त्यांना बोलवून घ्या, असं डॉक्टर सांगून गेले होते. शेषेरावांना एकच करायचं होतं. वडील ग्यानोबा यांना जाऊन जमाना झाला, पण हैदराबादेत जाऊन त्यांनी गायलेल्या अभंगाची रेकॉर्ड शेषेरावांच्या पेटीत होती. तो आवाज आईच्या कानावर घालायचा. आजच.

"आधी जेवून घ्या," त्यांची बायको केवळाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"आधी हे."

बत्ती ठरली. शेषेरावांनी सुई टेकवली. तशी स्वयंपाकघरातच टाळ कडाडले आणि केवळाबाईंच्या हातातलं उलथणं खाली पडलं. मुलगा शिवशंकर आपला छोटा स्पीकर फळीवर चालूच ठेवून गेला होता. मशीननं तोच धरला.

"वाजलं की वो!"

"हितं वाजून काय करू?" शेषेरावांनी जाऊन तो स्पीकर बंद केला. "आईला लांबचं ऐकू येत न्हाई. उशापाशीच वाजलं पायजे."

त्यांनी वर्षाराणीला फोन लावला.

"बाबा, मधी लोखंड हाय का काही? लोखंड आडवं येतं."

भिंतीलगत स्टीलच्या भांड्यांची मांडणी होती. दोघांनी मिळून ती सरकवली.

"दिवाळीत कधी झाडू धरला न्हाई," केवळाबाई धापा टाकत म्हणाल्या, "अन् आज मांडणी उचलून राहिले."

शेषेरावांनी मशीन स्टुलासकट भिंतीला भिडवली. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला. बटण दाबलं. बत्ती लुकलुकतच राहिली.

पुन्हा फोन.

"मग त्या स्पीकरला कुणाचा तरी मोबाईल जोडलेला असंल, बाबा."

"मोबाईल असणारच जोडलेला. रोज सकाळी त्याच्यावर आरती लागते."

"तो बंद करा म्हणून सांगा की."

शेषेरावांनी भिंतीकडं बघितलं.

"न्हाईतर मशीनच उचलून आजीपाशी न्या. काय बिघडतं?"

"बिघडतं," ते मोठ्यानं म्हणाले आणि फोन ठेवला.

केवळाबाईंनी कपाळाला हात लावला. सासऱ्यांना त्या मामा म्हणत अन् सासूला आत्याबाई. "मामांचा हेका तेवढा आला तुमच्यात. गळा न्हाई आला."

"गळा त्या रेकॉर्डीत हाय. तोच पोचवायचा हाय."

बटण, बत्ती. बटण, बत्ती. दारातलं ऊन सरकून भिंतीवर चढलं. भाकरी वाळली. अंगठा दुखायला लागला तसा त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा लावला.

"उद्या करा आता."

"उद्या आई असंल का?"

केवळाबाई येऊन नवऱ्याशेजारी खाली बसल्या.

आणि बत्ती ठरली. कशानं ठरली, ते दोघांनाही कळलं नाही. शेषेरावांनी श्वास धरून सुई टेकवली. तबकडी फिरू लागली, पण कुठं काही ऐकू आलं नाही. केवळाबाईंनी भिंतीला कान लावला.

"वाजतंय का?"

त्यांनी हातानंच थांबा म्हणून सांगितलं. मग पदर डोळ्याला लावला.

"मामा गात हायत," त्या हळूच म्हणाल्या. "अन् वो... आत्याबाई बी. अडखळत म्हणून राहिल्यात."

शेषेराव दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. अभंग संपला. सुई रेकॉर्डच्या मधोमध नुसतीच खरखरत राहिली.

तेवढ्यात भिंतीवर पलीकडून थाप पडली.

"दादा," वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच धाकट्या भावाचा, किशनचा आवाज आला, "तुझं फोनवरचं ऐकून मोबाईल मीच बंद केला. वाटणीत रेकॉर्ड तुला आली अन् आई मला. आई तुझं नाव घेऊन राहिली, आता दारातून ये."