नऊचा मेसेज

शॅरन नगरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. जावास्क्रिप्टच्या जुन्या कोडमध्ये विखुरलेले न बदलणारे आकडे तिला एका फाईलमध्ये गोळा करायचे होते. त्यात एक मोबाईल नंबर सापडला. सिस्टीम चालू आहे का ते कळावं म्हणून रोज सकाळी नऊला त्यावर आपोआप मेसेज जायचा. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या तौसीफने तो नंबर टाकला होता. काढून टाकण्याआधी शॅरनने त्यावर फोन लावला.

“मी तौसीफची अम्मी, तिसगावात ऱ्हाते. तुमी त्याच्या हापिसातल्या का?”

“हो. रोजच्या मेसेजचा तुम्हाला त्रास होत असेल ना?”

“तरास कसला, बाई? पोराला फोन करायला येळ न्हाई, पन रोज नऊला मेसेज धाडतो. मला वाचता येत न्हाई. आठवन काढतो, येवढं कळतं. बरा हाय ना त्यो?”

“बरा आहे,” शॅरन कसंबसं म्हणाली.

मग तिने ऑफिसात नोंदवलेल्या नंबरवर तौसीफला फोन लावून पाहिला. तो नंबर कधीचाच बंद झाला होता.

तिने अम्मीचा नंबर नव्या फाईलमध्ये नेला आणि वर लिहिलं, ‘हा कुणीही काढू नये.’