दुसरं अंडं

टॅबच्या पडद्यावर मोठं पिल्लू धाकट्याच्या मानेवर चोच मारत होतं. गरुडाची मादी घरट्याच्या कडेला बसून होती. बघत होती, करत काही नव्हती.

"बाबा, ती त्याला रोकत का नाही?" स्वानंदीने विचारलं.

"थांबवत का नाही," अरुणने सवयीने दुरुस्त केलं. दहा वर्षांची पोर, मराठी फक्त घरात बोलणारी.

बस्सी गावाच्या पुढे एका शेतात खेजडीचं झाड होतं, झाडावर घरटं, बाजूच्या खांबावर कॅमेरा. अरुण जयपुरात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि नऊ वर्षं असली घरटी पाहत होता. नियम एकच. बघायचं, लिहायचं, हात लावायचा नाही. गाडीच्या टपावर शिडी बांधलेली होती, पण तिचं काम महिन्याभराने. जे पिल्लू उरेल त्याच्या पायात ओळखीचं कडं घालायचं.

खरं तर आज तिला इथे आणायचं नव्हतं. पण तिची आई मंजुषा हॉस्पिटलात शुभंकरजवळ होती, आणि पोरीला घरी एकटं कसं ठेवणार? शुभंकरच्या अंगात धड रक्त तयार होत नव्हतं. सोमवारी स्वानंदीच्या कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून तिच्या दादाला देणार होते. दुसऱ्यांदा. पहिला ती चार वर्षांची असताना दिला होता, तो टिकला नाही.

शुभंकर पाच वर्षांचा असताना डॉक्टर म्हणाले होते, सख्खं भावंड असतं तर जुळलं असतं कदाचित. वर्षभरात स्वानंदी झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे घरात तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मरेल ना ते?"

"बहुतेक. आठवड्याभरात."

"मग ती दोन अंडी घालतेच कशाला? मतलब, एकच वाढवायचंय तर?"

हा प्रश्न दर वर्षी एम.एस्सी.च्या वर्गात कुणीतरी विचारायचं आणि अरुणची कळी खुलायची. कुणी काही विचारलं की सांगायचं, ही त्याची जन्माची खोड. शंका चांगली असली तर हा माणूस जेवण विसरायचा. आत्ताही त्याने चष्मा वर सरकवला.

"हे बघ. मासा लाखभर अंडी घालतो आणि निघून जातो. जगतील ती जगतील. गरुडाला ते परवडत नाही. त्याचं एकच पिल्लू, सगळा जीव त्या एकावर. पण त्या एकाचंच काही बरंवाईट झालं तर? आजारी निघालं तर? म्हणून तीन-चार दिवसांनी दुसरं अंडं घालून ठेवायचं. पहिलं धडधाकट असेल, तर दुसऱ्याची गरज नसते."

स्वानंदी पडद्याकडे बघत राहिली. तिचा हात कमरेशी गेला. तिथे जुन्या सुयांच्या बारीक खुणा होत्या.

"मी झाले तेव्हा दादा पाच वर्षांचा होता ना?"

"सहा."

"आणि आजारी होता."

"हो," अरुण म्हणाला, आणि मग त्याला आपलंच सगळं बोलणं ऐकू आलं. तसं नाही गं, तू आम्हाला हवी होतीस, असं त्याला म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. पण कशासाठी हवी होतीस, ते त्याला नीट आठवत होतं.

तो उठला आणि टपावरच्या शिडीच्या दोऱ्या सोडायला लागला. गाठी घट्ट होत्या, बोटं सोलवटली. त्याने शिडी ओढत नेली आणि झाडाला लावली. मादी उडाली, वर घिरट्या घालत राहिली.

"काय करतोयस?"

"त्याला काढतो. धाकट्याला."

"हात लावायचा नाही ना?"

"आज लावतो. घरी नेऊ आपण त्याला, वाढवू."

स्वानंदीने टॅब बॉनेटवर पालथा ठेवला. झाडाशी आली. शिडी जरा डगमगत होती, तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाबा पडू नये म्हणून.

"कशासाठी?" तिने विचारलं.

अरुण तिसऱ्या पायरीवर होता. वर धाकटं ओरडत होतं. तो तिथेच थांबला, आणि ती शिडी धरून उत्तराची वाट बघत राहिली.