तीन थरांचा केक

गुरुशांतप्पानं कुकरच्या झाकणाची शिट्टी काढली, रबर काढलं आणि दोन्ही वस्तू हातात धरून बायकोकडं पाहिलं.

"आता?"

"आता तळाला मीठ पसरा. त्याच्यावर वाटी पालथी घाला आन् मग डबा ठेवा," सिद्धम्मा म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. माळ्यावरून मिरच्यांचं पोतं उतरवताना ती पडली, तेव्हापासून तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

त्यांची लेक शैलश्री आज पंधरा वर्षांची झाली होती. ती शाळेतून यायच्या आत केक व्हायला हवा होता, आणि तोही तीन थरांचा. तसा शब्द सिद्धम्मानं हात मोडायच्या आधीच देऊन ठेवला होता.

"बेकरीतला आणला असता मी," गुरुशांतप्पा म्हणाला. कमलनगरच्या बसस्टँडजवळ त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं. आज त्यानं ते दुपारीच बंद केलं होतं. "न्हाईतर शेजारच्या गौरम्माला बोलव. तिला येतंय हे समदं."

"गौरम्माची लेक हाय व्हय ती?"

तो मैदा चाळायला लागला.

शैलश्री आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती. शाळेच्या कबड्डीच्या संघातून तिला जिल्ह्याच्या निवडीसाठी बिदरला बोलावलं होतं. निवड रविवारी होती, पण मुलींना उद्या, शनिवारीच जाऊन मुक्काम करायचा होता. "पोरीनं परगावी राहायचं न्हाई," एवढंच तो म्हणाला होता. ती रडली नाही की भांडली नाही. त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि आत निघून जायची. काही हवं असलं तर आईला सांगायची, तो समोर बसलेला असला तरी.

पहिला थर डब्याला चिकटला आणि कडेनं तुटून निघाला. दुसऱ्याचं बूड करपलं, ते त्यानं किसणीनं खरवडलं. तिसरा फुगून असा वर आला, की तो डबा हातात घेऊन खिडकीच्या उजेडात नेऊन बघत राहिला.

"बघ की," तो म्हणाला.

"बघायलेय. ठेवा आता, निवू द्या."

मग त्यानं साय घुसळायला घेतली. दुकानात पोती हलवायची सवय असलेला हात. रवी भांड्यात गरागरा फिरायला लागली.

"कामून एवढं जोरात घुसळायलाव? हळू."

"काय व्हतंय त्यानं?"

सायीचं लोणी झालं. पिवळसर गोळा रवीला लटकला. गुरुशांतप्पानं रवी हळूच भांड्यात टेकवली. सिद्धम्मा हसली, हसताना प्लास्टरचा हात दुखला तरी हसत राहिली.

"जाऊ द्या. ताक काढून टाका आन् त्यातच पिठीसाखर घाला. लोण्याचंच लावू."

साखर मिसळताना तो मान खाली घालून उभा होता.

"मी पडले तवा तुम्ही दुकानात होता," सिद्धम्मा म्हणाली.

"व्हय."

"तुम्हाला सांगितलं, जीपनं दवाखान्यात गेलो. जीप काय घरात आली नव्हती. मला चक्कर यायली होती, चालता येत नव्हतं. शैलूनं पाठीवर घेतलं मला. गल्लीतून पार सडकेपर्यंत. आन् माझं वजन काय हाय, ते ठाव हाय तुम्हाला."

गुरुशांतप्पाचा चमचा थांबला.

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तिनं नगं म्हटलं. म्हणली, अप्पा उगाच भितील."

त्यानं थरावर थर रचला. मधे लोणी लावलं आणि त्यावर घरचा साखरांबा घातला, शैलश्रीला आवडतो म्हणून सढळ हातानं घातला.

ती आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावरचा केक तिनं पाहिला, मग आईच्या प्लास्टरकडं पाहिलं, आणि मग बापाच्या मिशीला लागलेल्या मैद्याकडं.

केक एका अंगाला झुकत होता. साखरांब्याच्या रसावरून वरचा थर हळूहळू निसटत होता. गुरुशांतप्पाला ते दिसलं नव्हतं. तो लेकीकडं बघत होता.

दप्तर जमिनीवर पडलं. शैलश्रीनं दोन ढांगांत ओटा गाठला आणि दोन्ही तळव्यांनी केक धरला.

"अप्पा, तिकडून धरा."

त्यानं पलीकडून हात लावला. साखरांबा त्याच्या बोटांवरून मनगटाकडं ओघळला. बाप-लेक ओट्याच्या दोन बाजूंना वाकून उभे राहिले. हात सोडावा तर केक जाणार होता. सिद्धम्मा डाव्या हातानं चुलीजवळचा खराटा ओढून थरांत खोचायला त्यातल्या काड्या उपसू लागली.

"नव्या खराट्याच्या घे, अव्वा," शैलश्री आईला म्हणाली. "धुऊन घे."

सिद्धम्मा काड्या धुवायला मोरीकडं गेली. पाण्याचा आवाज येत होता. गुरुशांतप्पानं घसा साफ केला.

"उद्या तुमच्या शाळेची गाडी कवा निघणार हाय?"

शैलश्रीनं मान वर केली. तिच्या बाजूनं वरचा थर बोटभर सरकला. तिनं तो अंगठ्यानं परत जागेवर लोटला.

"सकाळी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं म्हणाली, "हात काढू नका, अप्पा."