आधी उडी, मग अंगठा

टीव्ही आजोबांनी बातम्यांसाठी अडवून ठेवला होता, म्हणून धाकट्या भावाने गेमचा कन्सोल एका छोट्या कॅप्चर डबीतून ताईच्या कॉम्प्युटरला जोडून दिला. अशा जोडणीत बटण दाबल्यावर चित्र किंचित उशिरा हलतं, हे तिला ठाऊक होतं.

आज मात्र पडद्यावरचा शिपाई आधी उडी मारत होता, आणि तिचा अंगठा मागाहून बटण दाबत होता.

“काल उशीर होतो म्हणून भांडलीस, आता लवकर होतंय म्हणून भांड,” भाऊ हसला.

“दात काढू नकोस. अंगठा माझा आहे. दाबायचं की नाही, ते मीच ठरवणार.”

तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला, दोन्ही तळवे मांड्यांखाली घट्ट दाबून धरले आणि ती पडद्याकडे रोखून पाहत बसली. शिपाई दरीच्या काठावर उभा होता.

त्याने उडी मारली. तो खाली गेला.

भावाचं हसू मावळलं. “ताई, बटण कोणी दाबलं?”

“अजून कोणीच नाही,” ती म्हणाली आणि दातओठ खाऊन तिने सगळा भार हातांवर टाकला.

तरीही उजवा हात मांडीखालून सरकत बाहेर येऊ लागला.