रुमालाखालचा भाव

अडत्या जिनदत्तानं रुमाल पुढं केला आणि विजयमालानं हात मागं घेतला.

सांगलीच्या बाजारात हळदीचा भाव तोंडानं सांगत नसत. व्यापारी रुमालाखाली अडत्याची बोटं दाबत, अडत्या शेतकऱ्याची. शेजारच्याला पत्ता लागत नसे. आजवर सासरे हात द्यायचे. यंदा ते अंथरुणाला खिळलेले, आणि एकाहत्तरची लढाई संपली तरी नवरा लालासाहेब सरहद्दीवरच. म्हणून हळदीच्या ढिगाशेजारी ती उभी होती, अख्ख्या बाजारात एकटी बाई. भाव पडला तर वर्षाची मेहनत मातीत. परक्या पुरुषाच्या हातात हात दिला, तर गावात बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार?

जिनदत्त तिच्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता. बोटं दाबण्यात उभा जन्म गेलेला, पण बांगड्यांचा हात कधी पुढ्यात आला नव्हता.

तिची गाडी हाकत आलेला शेजारी कोंडीबा पुढं सरला. “वैनी, बोटं मी घेतो. मग सांगतो तुमास्नी.”

“हळद माझी हाय, भावजी.” ती जिनदत्ताकडं वळली. “शेट, तोंडानं सांगा.”

“तोंडानं? बाई, तशी रीत न्हाई.”

“मग इकायची न्हाई. भावजी, पोती भरा.”

जिनदत्तानं इकडंतिकडं पाहिलं आणि भाव पुटपुटला.

“मोठ्यांदा सांगा. समद्यास्नी ऐकू जाऊ दे.”

तो ओरडला. आजूबाजूची माणसं थबकली. मागून एक व्यापारी म्हणाला, “असं हाय व्हय? मग माझे पाच वर!” दुसऱ्यानं त्याच्यावर भाव चढवला, तिसऱ्यालाही राहवेना. विजयमाला जागची हलली नाही. सासऱ्यांना कधी मिळाला नव्हता असा भाव तिनं आपल्या कानांनी ऐकला, तेव्हा कुठं मान डोलावली.

रिकामी गाडी गावाच्या वाटेला लागली. कोंडीबा कौतुकानं सारखा मागं वळून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “वैनी, लय मोठं काम केलंसा. भ्या कसं वाटलं न्हाई?”

“वाटलं की. आजून पाय लटलट कापत्यात,” ती ताठ मानेनं म्हणाली. “पर लुगडं नऊवारी हाय न्हवं? कुनाला दिसतंय!”