शंभरातले पासष्ट

"आमचा रुळांचा तुकडा आखूड आहे, कबूल," हॅलिडे म्हणाला. "पण बंदर आमच्याकडे आहे. शेपूट कितीही लांब असो, घास तोंडातूनच जातो." वीस वर्षं या मुलखात काढलेला हा इंग्रज आता कँटनी भाषेत टोमणेही मारत असे.

"तोंडाला घासापर्यंत नेतात पाय, साहेब," चिनी इंजिनिअर मोक म्हणाला. "आणि पाय आमचे. तुमच्या मैलांच्या चौपट."

चीनमधल्या कँटनच्या रेल्वे कचेरीत वाटाघाटीचा हा चौथा दिवस. आगगाडी हद्द ओलांडून थेट इंग्रजांच्या बंदरापर्यंत जाणार होती. तिकिटांच्या उत्पन्नात कोणाचा वाटा किती, एवढंच ठरायचं होतं. हॅलिडे निम्म्यावर अडून होता. चिनी बाजूला शंभरात पासष्टपेक्षा कमी मिळाले, तर इंग्रजांकडून घेतलेल्या बांधणीच्या कर्जाचा हप्ता फिटणार नव्हता आणि गहाण पडलेला सगळा मार्ग याच इंग्रजांच्या घशात जाणार होता. त्या मार्गावरचा प्रत्येक पूल मोकनं उभा केला होता.

वरच्या खुर्चीत चिनी बाजूचे प्रमुख फुंग महाशय डोळे मिटून बसले होते. मोकला इंजिनिअरिंग शिकायला विलायतेत त्यांनीच स्वखर्चानं धाडलं होतं. सकाळी ते म्हणाले होते, "पोरा, पासष्टच्या खाली उतरू नकोस. मागे मी आहे."

"निम्मे," हॅलिडे म्हणाला. "आज सही, नाहीतर कधीच नाही."

"पासष्ट."

फुंग महाशयांनी डोळे उघडले. समोरचा चहाचा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि ओठांना न लावता तसाच धरला. यजमानानं पेला उचलला की पाहुण्यानं निघायचं, ही कचेरीतली रीत. दारातल्या नोकरानं हाक दिली, "पाहुणे निघाले!"

मोकच्या छातीवरचं ओझं उतरलं. नकाशे गुंडाळत तो हॅलिडेच्या उठण्याची वाट पाहू लागला.

कोणी उठलं नाही. हॅलिडेनं निम्म्या वाट्याचा करारनामा काढून मेजावर पसरला. खाली उमटलेल्या फुंग महाशयांच्या तांबड्या मोहरेवरून त्याची पांढरी बाही घासत गेली. बाहीला डाग लागला नाही. मोहरेचा तेलात मळलेला शेंदूर वाळायला तीन दिवस लागतात, हे मोकला ठाऊक होतं.

"गुरुजी?" मोकनं विचारलं.

फुंग महाशय पेल्यातल्या चहाकडे पाहत होते.

नोकर आत आला आणि मोकपुढे अदबीनं वाकला. त्याच्या हातांत मोकची टोपी होती.