पाडव्याचा डाव

दिवाळीतल्या पाडव्याच्या दुपारी, पोलादपूरच्या वरच्या वाडीत, नाथू मेव्हण्याबरोबर, रायबाबरोबर, पडवीत पत्ते खेळत होता. हा डाव रायबाच मुंबईच्या गोदीत खलाशांकडून शिकून आला होता: दोन पत्ते हातात, बाकीचे मध्ये उघडत जायचे, आणि सगळे धरून ज्याची जुळणी मोठी तो जिंकला. रायबाने नवी छत्री लावली, नाथूने भाताचं पोतं लावून बरोबरी केली. मग मधले तीन पत्ते उघडले. एक सत्ती, आणि बदामाच्या अठ्ठी-नव्वी. नाथूच्या हातात राजांची जोडी होती, पण रायबाकडे दोन बदाम असावेत असं त्याला वाटलं. पुढचा पत्ता बदाम निघाला, तर पाच बदाम जुळून रायबाचं साधणार. तो पत्ता रायबाला फुकट बघू द्यायचाच नाही.

नाथूने गोठ्याकडे बोट केलं. शिंगांना गेरू लावलेली कपिली तिथे रवंथ करत उभी होती.

"ही लावली. हाय छाती?"

रायबा बराच वेळ गाईकडे बघत राहिला. मग त्याने पत्ते पालथे टाकून डाव सोडला.

"भ्यालास काय रे," म्हणत नाथूने ते उलटले. दोन नव्व्या. मधली धरून तीन, म्हणजे कुठल्याही जोडीहून वरचढ. राजांची जोडी केव्हाच हरली होती.

"दाजी, ती गाय बापानं शकूला लग्नात आंदण दिलेली हाय," रायबा म्हणाला. "ती जिंकून उद्या भाऊबीजेला बहिणीसमोर पाटावर कसा बसू?"